तुकडे पाडणाऱ्यास खुले पत्र

मु. निडी, ता. रोहा, जि. रायगड

श्रीमान इंटरनेट जाळेचालक यांस,
कृ. सा. न. वि. वि.

आपल्या मालकीचा ६५,५३६ पत्त्यांचा सलग गठ्ठा एका ओळीत जगाला सांगता आला असता. आपण त्याचे २५६ तुकडे पाडून २५६ ओळी जाहीर केल्यात. केवढी ही उदारता! ओळ जाहीर करायला आपल्याला दमडीही पडत नाही; ती लक्षात ठेवायची मात्र जगातल्या प्रत्येक मोठ्या राउटरने. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं ते आपणच.

आमच्या टपालाचं सांगतो. रोह्याचा पिनकोड ४०२१०९, पेणचा ४०२१०७. दिल्लीतला सॉर्टर ४ पाहून पत्र महाराष्ट्राच्या बाजूला काढतो. पुढे ४०२ दिसलं की रायगड. निडी नागोठण्याच्या अलीकडे की पलीकडे, हे त्याला ठाऊक नसतं. ते इथल्यांनी पाहावं. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने ही व्यवस्था आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ला ती देशात सुरू झाली. इंटरनेटवाल्यांनीही १९९३ साली ठरवलं की सलग पत्ते एका ओळीत बांधायचे. आपल्याला मात्र दिल्लीच्या सॉर्टरला निडीतली आळीन् आळी पाठ हवी!

हे पाठांतर होतं टीकॅम नावाच्या मेमरीत. ती सगळ्या ओळी एकाच वेळी ताडून पाहते, म्हणून महाग, वीजखाऊ आणि मोजकी. १२ ऑगस्ट २०१४ला तिचं काय झालं, ते आपल्या कानावर नसेलच. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० जातीच्या जुन्या यंत्रांत आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीला ५१२के ओळींची जागा कारखान्यातूनच आखून आलेली. शेजारी आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीसाठी राखलेली जागा बहुतेक रिकामीच. त्या दिवशी व्हेरायझनच्या जाळ्यातून सुमारे १५ हजार जादा ओळी थोडा वेळ बाहेर पडल्या आणि यादी मर्यादेपलीकडे गेली. जागा न मिळालेल्या ओळींची रहदारी बिचाऱ्या सीपीयूच्या गळ्यात आली. ठिकठिकाणी संकेतस्थळं अडखळली. उपाय असा: जागेची वाटणी बदला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. तो केला दुसऱ्यांच्या रात्रपाळीने.

आता यादी नऊ लाखांच्या पुढे आहे. आपला हातभार विसरला जाणार नाही. विसरायची सोयच आपण ठेवलेली नाही.

कळावे, लोभ नसावा.
एक निडीकर

ता. क. पत्ते कुणी पळवू नयेत म्हणून तुकडे करतो, असं आपण म्हणाल. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचा तुकडा आपल्या नावावर जाहीर केला, तेव्हा यूट्यूबनेही उत्तरादाखल तुकडे जाहीर केले, हे खरं. पण ते संकट आल्यावर. आता पत्त्यांच्या मालकीची सही तपासणारी आरपीकेआय आहे. तिथे सही करायला मात्र आपल्याला सवड नाही.