दुर्लक्षितांचे वाली

नागपूरच्या लक्ष्मीनगरचे आमचे काकाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि लगेच दुसऱ्या कामावर रुजू झाले. जगाने टाकून दिलेल्या एका सिनेमाची वकिली करणे, हे ते काम. पगार नाही, पण रुबाब पूर्वीचाच.

त्यांच्यासमोर 'सिंगिन इन द रेन'चं नाव काढायची सोय नाही. 'काय जी, पावसात कोणीही नाचते,' म्हणतील. 'साउंड ऑफ म्युझिक' तर त्यांच्या लेखी शाळेचं गॅदरिंग. खरी संगीतिका एकच, जीन केली आणि स्टॅन्ले डोनन यांची 1955 सालची 'इट्स ऑलवेज फेअर वेदर'. 'सिंगिन इन द रेन'सुद्धा 1952 साली याच जोडीने केला होता, अशी आठवण करून द्याल तर जावयाचा पगार विचारल्यासारखे तुमच्याकडे पाहतात.

गोष्ट मात्र झकास आहे, हे कबूल केलंच पाहिजे. महायुद्ध संपवून आलेले तीन जवान न्यूयॉर्कच्या बारमध्ये शपथ घेतात, की दहा वर्षांनी, 11 ऑक्टोबर 1955 ला, इथेच भेटायचं. ठरल्याप्रमाणे भेटतात आणि थोड्याच वेळात तिघांनाही कळून चुकतं, की आपलं एकमेकांशी बिलकूल जमत नाही. एक झालाय जाहिरात कंपनीतला साहेब, एक खानावळवाला, एक जुगारी. झकपक हॉटेलात बसून तिघंही 'ब्लू डॅन्यूब'च्या चालीवर मनातल्या मनात एकमेकांचा उद्धार करतात. संगीतिकेत लोकांना प्रेम हवं होतं, मिळाला दोस्तीचा पंचनामा. त्यात घरोघरी टीव्ही आलेला, आणि या सिनेमाने तर त्या टीव्हीचीच यथेच्छ टर उडवलेली. सिनेमा तोट्यात गेला. गंमत म्हणजे दोस्ती विटण्याची ही गोष्ट पडद्यावर आणताना केली आणि डोनन यांचंही फाटलं. पुढे दोघांनी मिळून एकही सिनेमा केला नाही. शेवटी त्या तिघांची दिलजमाई होते, असं काकाजी सांगतात.

सांगतात, असंच म्हणावं लागतं. कारण काकाजी सारं सांगतात ते सिनेमा चालू असताना. रिमोटवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, पण पॉजच्या बटणावर मात्र अंगठ्याने भोक पडलंय. पावणेदोन तासांचा हा सिनेमा त्यांच्या घरी आजवर कोणी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. जगाने त्याला दुर्लक्षिलं यात हॉलिवूडचा दोष असेल. नागपूरपुरता तो पूर्णपणे काकाजींचा.

मे महिन्यात त्यांनी कॉलेजच्या दोन जुन्या दोस्तांना बोलावलं. एक व्यापारी, दुसरे निवृत्त इंजिनीअर. बाहेर 45 अंश, आत कूलरची घरघर आणि पडद्यावर 'फेअर वेदर'.

'काहून बे, टीव्ही बिघडला का? वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन राहिल्या.'

पॉज. काकाजींनी सिनेमास्कोप समजावला. पुढे एका गाण्यात तिघं दोस्त तीन वेगळ्या चौकटींत एकाच वेळी नाचतात, त्याला ही रुंदी कशी लागते, तेही सांगितलं.

'मंग झूम कर ना!'

असं करत करत हॉटेलच्या प्रसंगापर्यंत आलो आणि काकाजींनी पुन्हा पॉज दाबलं. व्यापाऱ्याने मोबाइल काढला होता. इंजिनीअरसाहेब पन्ह्याच्या रिकाम्या ग्लासात बघत होते. तिघांच्याही तोंडावर सभ्य हसू, आणि मनात काय चाललं होतं ते ऐकायला गाण्याची गरज नव्हती. समोर पडद्यावर तेच तिघं थिजून बसलेले. काकाजींना पडद्यावरचे तेवढे दिसले.

बैठक हातची जातेय म्हटल्यावर त्यांनी हुकमाचा एक्का काढला. सिनेमा मागे नेऊन झाकणांचा नाच पुन्हा लावला. दारू चढलेले तिघं जवान कचऱ्याच्या डब्यांची झाकणं एकेका पायात अडकवून भर रस्त्यात टॅप करतात, तो. 'हा मायकेल किड पाहा. 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स'चे नाच यानंच बसवले.'

'म्हणजे आपला 'सत्ते पे सत्ता' ज्याच्यावरून केला तो?' व्यापारी जागे झाले. 'मंग अमिताभचाच लाव ना बे!'

काकाजींना राहवलं नाही. रिमोट सोफ्यावर टाकून ते उठले, तर्री-पोह्यांच्या गंजावरचं झाकण घेतलं, त्याच्यावर चप्पल ठेवली आणि मोझॅकच्या फरशीवर दोन ठोके हाणले.

'अहो, पोह्यांवरचं आहे ते!' काकू आतून धावल्या. 'अन् खाली भाडेकरूचं लेकरू झोपलं आहे जी.'

पण या गडबडीत अख्खा नाच पहिल्यांदाच विनाखंड पार पडला. इंजिनीअरसाहेब सोफ्याच्या कडेला सरकून टक लावून पाहत होते. नाच संपला. काकाजी धापा टाकत, आशेने त्यांच्याकडे वळले.

'नाचले मस्त,' साहेब म्हणाले. 'पण ते झाकणं मंग वापस कोणी नेऊन लावले?'

काकाजींनी रिमोट शोधायला घेतला.