आधी रंग लावणाऱ्या वारसदारास अनावृत पत्र

प्रति,
वडिलोपार्जित प्रीमियर पद्मिनीचे नवे मालक,
मु. बिरसी, जि. गोंदिया

विषय : आधी रंग, मग इंजिन, जमल्यास ब्रेक, या आपल्या योजनेबद्दल अभिनंदन



तणसाच्या ढिगाआडून गाडी बाहेर ओढली आणि सगळ्यात आधी पेंटरला बोलावणे धाडले, याबद्दल आपले कौतुक करावे तेवढे थोडेच. पैसा मोजका, त्यातला मोठा वाटा लालभडक रंगाला, उरलेला सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टीमला. ब्रेकचे काय ते पुढचे धान विकल्यावर पाहू! लोक रंग बघतात, मास्टर सिलिंडर कोण बघतो, हा आपला मुद्दाही बिनतोड आहे. मास्टर सिलिंडर खरोखरच कुणी बघत नाही. तो गळतो आहे हे रेल्वे फाटकापाशी आपोआप कळते.

एक बारीकशी गोष्ट मात्र पेंटर आपल्याला सांगणार नाही, कारण ती सांगण्याचे पैसे त्याला मिळत नाहीत. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते. जुन्या जीपखाली लोखंडी सांगाडा असतो. वरचा पत्रा सडला तर तो काढून दुसरा बसवता येतो. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीत पत्रा हाच सांगाडा. दाराखालच्या पट्ट्या, पायाखालचा तळ आणि डिकीची जमीन यांच्याच आधारावर इंजिन, चाके आणि आतली माणसे एकमेकांना धरून असतात. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि गोठ्याची ओल नेमकी याच जागा खाते. मॅटिंग उचलून पेचकस टोचून पाहावा. तो ठक्कन थांबला तर आपण नशीबवान. आत गेला तर तिथे गाडी नाहीच, जुन्या रंगाने धरून ठेवलेला गंज आहे. त्यावर पुट्टी थापून रंग मारला की गाडी फोटोत झकास दिसेल यात शंका नाही. पण सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायची पाळी आज ना उद्या येणारच, आणि वेल्डिंगच्या आचेने भोवतालचा रंग करपतो. म्हणजे रंगाचे पैसे दोनदा. हातात पैसा थोडा आहे म्हणून ज्यांनी रंग शेवटी लावायला हवा, तेच तो आधी लावतात, ही मोठी गंमत आहे.

तळ भरला की ब्रेक. जुन्या पद्मिनीत चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्या सगळ्यांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, सिलिंडर आतून गंजतात, रबरी वॉशर कडक होतात. या रबरांची किंमत आपल्या म्युझिक सिस्टीमच्या तुलनेत किरकोळ. त्यानंतर पेट्रोलची टाकी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते पाणी ओढते आणि त्याच्यासाठी न बनलेले जुने रबर खराब करते. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलणे म्हणूनच भाग आहे. हे इथेनॉल काही प्रमाणात तांदळापासूनही बनते. धानाच्या गोंदिया जिल्ह्यातल्या फियाटचे रबर तांदळानेच खावे, याला काय म्हणावे!

रंगाविना गाडीला मान नाही, असे आपण म्हणाल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी पाहा. गाडीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, तरी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होत्या, त्या गॅरेजवाल्यांच्या जिवावर. ब्रशने मारलेल्या रंगावर नव्हे. त्या थांबल्या तेव्हाही टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा आडवी आली, गाडी नव्हे. एवढे लांब कशाला, आपल्या बिरसीचीच धावपट्टी घ्या. ती १९४० मधली, महायुद्धाच्या काळातली, आणि आज तिथे वैमानिक शिकतात. प्रशिक्षणाच्या विमानाची देखभाल उड्डाणाच्या तासांवर चालते आणि प्रत्येक कामाची नोंद होते. रंग फिका पडला म्हणून विमान जमिनीवर ठेवत नाहीत. ब्रेक गेला म्हणून ठेवतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : चकाचक केली की ‘व्हिंटेज’ म्हणून किंमत येईल. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज ठरायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे आणि मूळ स्वरूप लागते. नोंदणीचे वीस हजार रुपये भरायचे आणि त्यानंतर रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणायची नाही; फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठी. म्हणजे गोंदियाच्या बाजारात मिरवण्याचा बेत बारगळला. ‘मग मारुतीचे इंजिन बसवतो’ म्हणाल, तर मूळ स्वरूप गेले आणि आरटीओची परवानगी मागे लागली. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा गर्दी होते खरी, पण तिच्यामागे संस्थान उभे होते. आपल्यामागे सोसायटीचे कर्ज आहे. तिसरा आक्षेप, ‘मग भंगारातच देतो’, हा मात्र मी खोडणार नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि तळ एकदम गेला असेल तर तो निर्णय रडतखडत का होईना, शहाणपणाचाच आहे.

आणि पेचकसाच्याही आधी कागद. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला २०२५ पासून दहा हजार पडतात, उशिराचा भुर्दंड वेगळा. बाकीच्या वारसांची संमती आधी घ्या. गाडी चालू झाल्यावर प्रत्येक चुलतभावाला तिच्यात आपले बालपण दिसू लागते. रंग कोणता लावायचा, यावर मात्र भावकीने आजपासूनच खुशाल भांडावे. तेवढे एक काम फुकटात होते.



आपला,
एक पेचकसवादी हितचिंतक