घरात पिरान्हा, तोही शाकाहारी!

काय दिवस आलेत बघा! पूर्वी माणसं घरात मासे ठेवायची ती डोळ्यांना थंडावा म्हणून. दोन गोल्डफिश, एक ब्लॅक मूर, तळाशी रंगीत खडे आणि बुडबुडे सोडत झाकण उघडणारी प्लॅस्टिकची खजिन्याची पेटी. झालं. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये त्यांच्याकडे बघत बसलं की निम्मा रक्तदाब तिथंच उतरायचा. आणि आता? पाहुणा सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच यजमान काचेकडे बघत सहज म्हणतात, "आत बोट घालू नका हं. पिरान्हा आहे." पाहुणा पाय वर घेऊन बसतो. तेव्हा यजमानांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते मुलाला मेडिकलला अ‍ॅडमिशन मिळाली त्या दिवशीही चढलं नव्हतं.

आपण सगळे अर्थातच हादरलोय. शोभतं का हे? घराचे हप्ते भरणाऱ्या पापभीरू माणसांनी टीव्हीच्या शेजारी, देवघरापासून चार हातांवर, नरभक्षक पाळायचा? ज्या घरात श्रावणात कांद्याचंही वावडं, तिथं ह्या पठ्ठ्यासाठी कोळंबी सोलायची? सोलतात की! नाकाला रुमाल बांधून सोलतात. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली त्याचा डबा वेगळा, वर चिठ्ठी: 'आईंनी उघडू नये'. पालिकेनं डासांच्या अळ्या खायला दिलेले गप्पी मासेसुद्धा सुटले नाहीत म्हणे. सार्वजनिक आरोग्य गेलं कुणाच्या पोटात, विचारा!

मुळात ह्या माशाला एवढं चढवलं कुणी? तर थेट अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांनी. थिओडोर रुझवेल्ट १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या जंगलात भटकून आले आणि १९१४ च्या पुस्तकात त्यांनी पिरान्हाला जगातल्या सगळ्या माशांत क्रूर ठरवून टाकलं. ह्यामागची हकीकत मजेशीर सांगतात. बडा पाहुणा येणार म्हणून तिथल्या लोकांनी नदीचा एक तुकडा जाळी लावून अडवला, त्यात मासे कोंबले, त्यांना उपाशी ठेवलं आणि साहेब आल्यावर एक गाय आत ढकलली. आता सांगा, लग्नात बुफेचं झाकण दोन तास उशिरा उघडलं तर आपण पनीरचं काय करतो? पण गायीचा सांगाडा झाला आणि माशाचं नाव झालं. पुढचं काम सिनेमावाल्यांनी केलं. १९६७ च्या बाँडपटात खलनायकाच्या घरातच पिरान्हांचं तळं, आणि १९७८ मध्ये दिग्दर्शक जो डान्टेनं ह्या माशाच्या नावाचा अख्खा सिनेमा काढला. मग आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी काय घोडं मारलंय? त्यांनीही खलनायक व्हायची हौस भागवून घेतली तर बिघडलं कुठं?

बिघडलं ते इथं, की मासा महाभित्रा निघाला. मिक्सर सुरू झाला की कोपऱ्यात. कुकरची शिट्टी झाली की झाडामागे. दिवा एकदम लावला तर एखादा चक्क आडवा पडतो, घरचे हळहळतात, मोबाइलवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप होते, आणि हा थोड्या वेळानं अंग झटकून पुन्हा हजर. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या अ‍ॅन मॅगरन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००५ मध्ये मांडलं ते तर काकांना अजून कुणी सांगितलेलं नाही: लाल पोटाचे पिरान्हा कळप करतात ते शिकारीसाठी नव्हे, जिवाच्या भीतीनं. मगरी, नदीतले डॉल्फिन, मोठे मासे, सगळ्यांना ते खाद्य म्हणून पसंत. दात मात्र खरे. त्रिकोणी, खालीवर एकमेकांत चपखल बसणारे. पडतात तेव्हा एका बाजूचे सगळे एकदम पडतात आणि नवे आत तयारच असतात. पण ते दात चालतात कुणावर? एकटा ठेवला तर भेदरतो, चार ठेवले तर एकमेकांची शेपटं कुरतडतात. अस्सल भावकी! पाहुण्यांच्या बोटाला कुणी विचारत नाही.

आणि आता कान इकडे करा. एवढं ज्याच्यावरून चाललंय, तो आपल्यापैकी कित्येकांच्या टँकमध्ये नाहीच! आहे तो पाकू. पिरान्हाचा चुलतभाऊ, तोही दक्षिण अमेरिकेचाच, लहानपणी तसंच लाल पोट, तसेच ठिपके. खालचा जबडा जरा निरखला तर फरक कळतो, पण निरखायला तोंड जवळ न्यावं लागतं आणि तेवढं धाडस कुणाच्यात? याचे दात चौकोनी, आपल्या दाढांच्या जातीचे. पुरात बुडालेल्या जंगलात वरून पडणारी फळं आणि कठीण कवचाच्या बिया फोडून खाणारा हा सज्जन. दुकानदार खोटं बोलला का? मुळीच नाही. तो म्हणाला होता, "पिरान्हा टाइपमध्ये आहे, सर." 'टाइप' कुणी ऐकलं नाही.

आता ह्याच महाशयांना आपल्याकडच्या मासळी बाजारात रूपचंद म्हणतात. शेततळ्यांत वाढवतात, किलोवर विकतात. काकांकडच्या वहिनी परवा रविवारी बाजारात गेल्या आणि पाटासमोर थबकल्या. तेच लाल पोट, तोच रुसलेला जबडा, तोच डोळा. "मावशी, हा कोणता हो?"

"रूपचंद. आजचाच हाय. कालवण करा न्हाई तर तळा. तुकडे करू का, ताई?"

वहिनींनी फोटो काढला आणि काकांना पाठवला. दोन निळ्या टिका लगेच उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही.

पण पाकूला साधा समजू नका, त्यानंही युरोप हादरवलाय. ऑगस्ट २०१३ मध्ये डेन्मार्क-स्वीडनच्या मधल्या सामुद्रधुनीत एक पाकू जाळ्यात आला. कोपनहेगनच्या एका प्राध्यापकानं चेष्टेत म्हटलं, पुरुषांनी पोहताना चड्ड्या घट्ट बांधाव्यात, ह्या माशाला कठीण कवचाची फळं फोडायची सवय आहे. झालं! जगभर ठळक मथळे. प्राध्यापक नंतर चेष्टा होती, चेष्टा होती म्हणत बसले, ऐकतो कोण? आपण तरी ऐकलं असतं का? आपण आधी फॉरवर्ड केलं असतं.

खरी गंमत मासा वाढायला लागल्यावर सुरू होते, आणि पाकू वाढतो तो बेशरमासारखा. दोन फुटी टँकमध्ये दीड फुटाचा मासा! त्याला वळायचं तर शेपूट काचेला घासतं. मग टँक बदलतो. शोकेस जाते, त्यातल्या ट्रॉफ्या माळ्यावर जातात, मग पुस्तकांचं कपाट जातं (ते जाताना कुणी रडल्याचं ऐकिवात नाही). सहा बाय दोन बाय दोनच्या टँकमध्ये साडेसहाशे लिटरच्या वर पाणी मावतं. म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर साडेसहाशे किलो, वर काच आणि स्टँड वेगळा! सोसायटीत टँकर मोजून येतो, नळाला पाणी पाऊण तास, आणि हे दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलतात. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी मुठी आपटल्या. नंतर जिन्यात हळूच विचारलं, "फिल्टर कोणता लावलाय?" वीज गेली की इन्व्हर्टर पहिला एअर पंपाला, आजोबांचा पंखा पुढच्या यादीत. आजोबांचीही तक्रार नाही. ते काचेला नाक लावून बसतात आणि मासा त्यांच्याकडे बघतो. दोघांचं बरं जमतं.

आणि अगदीच झेपेना झालं की? रात्रीची वेळ, झाकण लावलेली बादली, स्कूटर, जवळचं तळं. इथं मात्र आमचा खोटा संताप खरा होतो. २०२३ साली भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दाल सरोवरात मगरीसारख्या तोंडाचा 'अ‍ॅलिगेटर गार' मासा निघाला. तो काय उत्तर अमेरिकेहून पोहत आला? कुणाच्या तरी दिवाणखान्यातूनच गेला असणार. ज्याला कोळंबी सोलून भरवली, त्याला अंधारात ढकलून परत येऊन झोप लागते कशी?

असो. लोकांना काय करायचं ते करू द्या, आपल्याला काय त्याचं? काय म्हणालात, आमच्याकडे? छे हो! म्हणजे आहे एक, पण तो भाच्याचा, जागा नाही म्हणून ठेवायला दिलाय. आणि बाकीच्यांचं माहीत नाही, पण आमचा अस्सल आहे. काल त्यानं काकडी नुसती खाल्ली नाही, फाडून खाल्ली.