फ्रेमभाऊ

फ्रेमभाऊ तुमच्याशी बोलतो तेव्हा तोंडाकडे बघत नाही, कमरेकडे बघतो. नव्या माणसाला याचा राग येतो. एकानं तर हात उगारला होता. तेव्हाही फ्रेमभाऊचं लक्ष होतं ते हात उगारण्याआधी खांदा किती मागे गेला याकडे. 'आधी मागे, मग पुढे' हा त्याचा सिद्धांत आहे. चेंडू फेकायचा तर हात आधी मागे जातो, उडी मारायची तर माणूस आधी खाली वाकतो आणि उसने पैसे मागायचे तर आधी तब्येतीची चौकशी करतो. यातलं तिसरं उदाहरण माझं, पण त्यानं ते वहीत टिपून घेतलं.

बी.कॉम. झाल्यावर पोरगा एखाद्या राइस मिलमध्ये हिशेबाला बसेल अशी घरच्यांची अपेक्षा होती. गोंदियात ती रास्तच म्हणायची. यानं मात्र संगणकावर ब्लेंडर उतरवून घेतलं. ते फुकट मिळतं, एवढी एकच गोष्ट त्याच्या वडिलांना त्यात पसंत पडली. तेव्हापासून तो दिवसभर माणसं हलवतो. शेजारणींनी विचारलं, "पोरगा काय करून राहिला जी?" की आई म्हणायची, "कम्प्युटरचं काहीतरी करते." वडील म्हणायचे, "कार्टून काढते." यातला कोणता शब्द जास्त लागला, हे त्याच्या मानेवरून कळायचं.

"काका, हा अभिनय आहे. फक्त नट कागदावरचा," असं म्हणत तो आपल्याला थेट १९१५ सालात नेतो. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या जराजरा सरकवत, दर वेळी एकेक फ्रेम टिपत 'आगकाड्यांची मौज' कशी केली, मग १९३४ साली प्रभातनं 'जंबूकाका' कसा काढला, हे सगळं उभ्या उभ्या सांगतो. या परंपरेत पुढचं नाव कोणाचं, ते विनयानं सांगत नाही. नुसता थांबतो.

त्याचं ध्येय दहा सेकंदांचं आहे. बाजार समितीतला हमाल धानाचा कट्टा उचलतो, पाठीवर घेतो, चार पावलं चालतो. संपलं. "यात गोष्ट काय?" असं विचारलं की तो दुखावतो. "चाळीस किलोचा कट्टा आहे, काका. ते चाळीस किलो दिसले पाहिजेत. वजन दिसलं पाहिजे!" हे शेवटचं वाक्य घरात इतक्यांदा ऐकू येतं की आजी पानात भात वाढताना म्हणते, "आधी तुझ्या अंगावर दिसू दे."

सुरुवात पेन्सिलनं झाली. सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेम. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे दहा सेकंदांना एकशेवीस. जाड वहीच्या कोपऱ्यात त्यानं ती काढली आणि अंगठ्यानं पानं फर्रकन सोडून आम्हाला दाखवली. हमाल वाकला, त्यानं हात लावला आणि कट्टा फुग्यासारखा वर गेला. चूक सापडायला बरेच दिवस गेले. सगळी चित्रं त्यानं सारख्या अंतरानं काढली होती. जड वस्तू आधी हलतच नाही. माणूस पाय रोवतो, कंबर खाली नेतो, दंड आवळतो आणि कट्टा ढिम्म असतो. काहीच न घडण्याच्या त्या सात-आठ फ्रेममध्येच चाळीस किलो असतात. हे उमगलं त्या रात्री तो साडेअकराला आमच्या दारात उभा. "काका, वजन थांबण्यात असतं!" मी दार लावायला थांबलो नाही.

मग कातरकाम निघालं. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून त्यानं धड, दंड, मांड्या, पोटऱ्या वेगळ्या केल्या आणि सांध्यांवर टिचबटणं ठोकली. लोटे रायनिगर नावाच्या जर्मन बाईनं १९२६ साली असल्याच कापीव आकृत्यांच्या सावल्यांवर पूर्ण लांबीचा चित्रपट केला, आणि आपल्या कोकणात पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्पिढ्या पडद्यामागे नाचवत आले, ही माहिती आम्हाला चहाबरोबर मिळाली. कातरकामाचा फायदा असा की हात एकदा कापला की त्याची लांबी बदलत नाही. पेन्सिलीच्या हमालाचा हात दर चित्रात बोटभर वाढत होता. तोटा असा की पुठ्ठ्याचा माणूस एका अंगानंच दिसतो, वळत नाही. कट्टा पाठीवर घ्यायचा तर पाठ वळवायला हवी. शिवाय या हमालाच्या छातीवर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं उलट्या अक्षरांत वाचता येत होतं.

उन्हाळ्यात त्याला प्लॅस्टिसिन सुचलं. आत अल्युमिनियमची तार, वर माती. एक फोटो काढायचा, कोपर तांदळाभर हलवायचं, पुन्हा फोटो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. कट्टा पाठीवर येण्याआधीच हमाल गुडघ्यात वाकू लागला. पंखा लावावा तर मागचा कागद फडफडतो. त्याच खोलीत आजी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. "आजी, हलू नको, सावली पडते," असं तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली, "तुझा मातीचा माणूस हालावा म्हणून घरचे जित्ते माणसं जागच्या जागी बसून राहिले!"

पण तिच्या बोटांवर त्याचा जीव आहे. पान मापानं कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं डोळ्यांना दिसण्याआधीच होऊन जातं. चित्रण करताना तो म्हणाला, "आजी, जरा हळू." तिनं हळू केलं आणि बिडी सुटली. वेग हा हालचालीचा भाग असतो, वरून घातलेला मसाला नव्हे, हे त्यानं त्या दिवशी वहीत लिहिलं. आजीनं सुटलेल्या बिडीचे पैसे मागितले.

ब्लेंडरमध्ये आल्यावर सगळं सोपं होईल असं आम्हालाही वाटलं. वाकलेला हमाल दाखवा, उभा हमाल दाखवा, मधलं यंत्र भरतं. पण यंत्राला चाळीस किलो ठाऊक नसतात. ते सगळं गुळगुळीत भरून टाकतं. हमालाची कंबर तरंगू लागली, पाय जमिनीवरून घसरत गेले. मग एकेका सांध्याची वक्ररेषा हातानं खाली-वर करत बसणं आलं. कमरेची रेषा मनासारखी जमली तेव्हा त्यानं तिचं चित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं. बालाघाटच्या मामाजींना वाटलं शेअर बाजाराचा आलेख आहे. त्यांचं उत्तर आलं, "आता विकू का?"

हेच मामाजी पुढे दिवाळीला आले आणि सापडले. मॅक्स फ्लायशर नावाच्या अमेरिकन माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी आपल्या भावाला विदूषकाचे कपडे घालून त्याचं चित्रण केलं आणि मग ते फ्रेममागून फ्रेम गिरवलं. त्या आधारावर फ्रेमभाऊनं मामाजींना भरलेलं गॅस सिलिंडर उचलायला लावलं. पहिल्यांदा उजेड कमी पडला. दुसऱ्यांदा मामाजी कॅमेऱ्याकडे बघून हसले. तिसऱ्यांदा हसले नाहीत. रात्र-रात्र जागून त्यानं ते गिरवलं. हालचाल अगदी बरहुकूम होती आणि हमाल तरी निर्जीव. जशीच्या तशी गिरवलेली हालचाल पडद्यावर फिकी पडते. पाठ खऱ्यापेक्षा जरा जास्त वाकवावी लागते, पाऊल खऱ्यापेक्षा जरा जोरात टेकवावं लागतं. "खोटं केल्याशिवाय खरं वाटत नाही, मामाजी," त्यानं समजावलं. मामाजी कमरेला पट्टा बांधून पडले होते. म्हणाले, "मंग मले काहून उचलायले लावलं?"

ते 'जरा जास्त' किती, हे तो मंडईत शिकला. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, दंडारी होतात, रात्रभर नाटकं चालतात. मागच्या रांगेतल्या माणसालाही नट दमलाय हे कळलं पाहिजे, म्हणून तो अख्ख्या अंगानं दमतो. डिस्नेकडच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन जुन्या कलावंतांनी १९८१ साली अॅनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली. अतिशयोक्ती हे त्यातलं एक. फ्रेमभाऊ मंडईत बसून शेजाऱ्याला कोपरानं ढोसत मोजतो, "हे पाहा चौथं! हे नववं!" शेजाऱ्याला नायिकेचं काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही.

त्याला बरोबर घेऊन कुठंही जाणं अवघड. परसवाड्याच्या तळ्याकडे सारस बघायला गेलो. आम्ही जोड्या मोजत होतो, हा त्यांच्या दोन उड्यांमधली सेकंदं मोजत होता. रेल्वे स्टेशन हे तर त्याचं विद्यापीठ. हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन, त्यात बालाघाट-जबलपूरकडची आणि बल्लारशाकडची माणसं, म्हणजे चालींना तोटा नाही. पुलाखाली वही घेऊन बसतो. त्याचा एक शोध असा की सासुरवाडीला आलेला जावई पूल चढताना पोट आत घेतो, परत जाताना त्याला ते घेता येत नाही. एका शिपायानं हटकलं, "काय लिहून राहिला रे?" यानं त्याचीच चाल काढून दाखवली. आता तो शिपाई याच्यासमोरून जाताना छाती काढून चालतो, त्यामुळे अभ्यासाला निरुपयोगी झाला आहे.

एवढं सगळं सोसून गल्ली त्याला का सांभाळते? एक गोष्ट घडली म्हणून. चालीचा सराव करायचा म्हणून त्यानं अंगणातून जाणाऱ्या आईचं मोबाइलवर चित्रण केलं आणि फ्रेम मोजायला बसला. साधारण चालीत एका पावलाला बारा फ्रेम धरतात. आईच्या उजव्या पायाला बारा आल्या, डाव्याला नऊ. त्याला वाटलं मोबाइल बिघडला. पुन्हा मोजलं, तेच. मग त्यानं आदल्या दिवाळीतल्या चित्रणात आई शोधली. तिथं दोन्ही पाय सारखे. म्हणजे आई आता डाव्या पायावर भार टिकू देत नव्हती. दुसऱ्या दिवशी तो तिला हट्टानं डॉक्टरकडे घेऊन गेला आणि गुडघ्याची झीज निघाली. तिनं घरात चकार शब्द काढला नव्हता. रोवणीचे दिवस होते, बाया मिळत नव्हत्या, बांधीत तिला स्वतःला उतरायचं होतं. आम्ही सगळे तिच्याशी रोज बोलत होतो, तोंडाकडे बघून बोलत होतो. त्या दिवसापासून वडील 'कार्टून' म्हणत नाहीत. 'काम' म्हणतात.

अखेर दहा सेकंद जमले. कंबर खाली, ते सात-आठ फ्रेमचं थांबणं, मग हिसका, कट्टा पाठीवर, गुडघ्यांत किंचित दबणं आणि चार जड पावलं. खरोखर आमच्याही छातीत श्वास अडकला. फ्रेमभाऊ मोबाइल घेऊन बाजार समितीत गेला आणि कट्ट्यांच्या थप्पीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या हमालाला त्यानं ते दाखवलं. हमालानं दोनदा पाहिलं. चुंबळ डोक्यावरून काढून मांडीवर ठेवली.

"बाबू, हा एकटाच कट्टा पाठीवर घेते?"

"हो."

"एकटा कोणी घेत नाही. दोघं जण देतात, तिसरा घेते. एकटा घेईन तर कंबर जाईन त्याची."

ही बातमी त्याच संध्याकाळी फोनवरून बालाघाटला पोचली. मामाजींना इतकं बरं गेल्या दिवाळीपासून वाटलं नव्हतं.

फ्रेमभाऊ दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी नवी वही घेऊन आला. आता तीन माणसं, सहा पाय, आणि कट्टा हातातून पाठीवर जातो त्या क्षणी तिघांचंही वजन एकदम बदलतं. देणारे हलके होऊन मागे जातात, घेणारा खाली दबतो. "काका, खरी गंमत तर आत्ता सुरू झाली!" नमुन्यासाठी त्याला तीन माणसं हवी आहेत. तो गल्लीत शिरला की बापई माणसं दुसऱ्या गल्लीनं निघतात. मी राहून गेलो. देणाऱ्यांमध्ये माझं नाव पक्कं आहे, आणि माझ्या वयाकडे बघून कट्ट्यात सध्या उशा भरल्या आहेत. मी त्या फार सहज उचलतो अशी त्याची तक्रार आहे. "मनात चाळीस किलो आणा, काका," म्हणतो. घेणारा म्हणून त्याचे वडील आपणहून उभे राहिले आहेत. रविवारी सकाळी अंगणात तालीम आहे. देणाऱ्यांत अजून एक माणूस कमी पडतो.