कानसेन

मराठी घरात मालिका कोणीच बघत नाही. आजी बघत नाही; तिच्या जपाच्या वेळेला कुणीतरी टीव्ही लावून ठेवलेला असतो. सूनबाई बघत नाहीत. त्या भाजी निवडत असतात आणि भाजी निवडण्यापुरता उजेड फक्त हॉलमध्येच असतो. मुलं तर नाहीच बघत. ती मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली असतात, तरी खलनायिकेनं दुधात काय कालवलं ते त्यांना विचारावं. इतक्या लोकांनी इतक्या निष्ठेनं न बघितलेल्या मालिकांचे टीआरपी दर गुरुवारी जाहीर होतात आणि ते चांगले घसघशीत असतात.

या न बघणाऱ्यांचे मुकुटमणी आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये राहतात. बँकेतून निवृत्त झालेले काका. रात्री जेवण झालं की ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत पेपर उघडून बसतात. पेपर सकाळचा असतो आणि सकाळीच वाचून झालेला असतो. "मी असलं काही बघत नाही हो. ही लावते, कानावर पडतं," हे त्यांचं पालुपद. त्यामुळे पोरांनी त्यांचं नाव कानसेन ठेवलं.

कानावर पडून पडून माणसाला किती कळावं? 2019च्या डिसेंबरात 'आई कुठे काय करते' सुरू झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात काकांनी 'भंपक' असा निकाल देऊन टाकला. मग 2024च्या नोव्हेंबरात ती संपेपर्यंत ते या निकालाची फेरतपासणी करत राहिले. अनिरुद्धचं संजनाशी प्रकरण, अरुंधतीचा घटस्फोट, तिचं आशुतोषशी लग्न, पुढे आशुतोषचं जाणं... देशमुखांच्या समृद्धी बंगल्याचा सातबारा काकांना तोंडपाठ होता. "मूळ बंगाली आहे, 'श्रीमोयी'. हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली," ही पुरवणीही ते न विचारता जोडत. शेवटच्या वर्षी वाहिनीनं ती मालिका दुपारी अडीचला हलवली. काकांची वामकुक्षी त्याच आठवड्यापासून बेडरूममधून हॉलमधल्या दिवाणावर आली. "इथे हवा खेळती असते," म्हणाले.

'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आधी रसिका सुनील होती, मग ईशा केसकर झाली, मग पुन्हा रसिका सुनील झाली. मालिकेतल्या नवऱ्याला, म्हणजे गुरुनाथला, काही फरक जाणवला नाही. काकांना जाणवला. "शनाया बदलते आणि याला पत्ता नाही. हा माणूस ऑफिस कसं सांभाळत असेल?" असं ते पेपरातल्या शेअर बाजाराच्या पानाला उद्देशून म्हणाले.

सिनेमा मात्र काका उघडपणे बघतात. तरुणपणी त्यांनी चित्रपट रसास्वादाचं एक शिबिर केलं होतं. शिबिरात काय शिकवलं ते आता आठवत नाही, पण तिथली वाक्यं अजून टिकून आहेत. 'पूर्वार्ध पकड घेतो, उत्तरार्ध रेंगाळतो.' 'संकलनाला आणखी वाव होता.' 'छायाचित्रण म्हणजे डोळ्यांचं पारणं!' या तीन वाक्यांत न बसणारा चित्रपट अजून निघालेला नाही. एका लग्नात पंगतीतून उठतानाही ते म्हणाले होते, "मठ्ठ्यापर्यंत पकड होती, नंतर रेंगाळलं."

'छावा' बघून आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधी विचारलं, "शिवाजी सावंतांची कादंबरी वाचलीस का?" नाही म्हणालात, तर तुम्हाला मत द्यायचा अधिकार नाही. हो म्हणालात, तर मग सिनेमाला पैसे घालवायची गरज काय होती? 'दशावतार' आला तेव्हा तर त्यांनी सोसायटीभर पेढे वाटायचेच बाकी ठेवले. बाबुली मेस्त्री झालेल्या दिलीप प्रभावळकरांबद्दल ते म्हणाले, "आम्ही यांना चिमणरावांपासून ओळखतो." ओळख अशी, की दूरदर्शनवर 'चिमणराव' लागायचा तेव्हा वाड्यात एकच टीव्ही होता आणि काका त्या घराच्या उंबरठ्यावर उभं राहून बघत. पण ऐकणाऱ्याला वाटावं, चिमणरावांच्या भूमिकेसाठी प्रभावळकरांचं नाव काकांनीच सुचवलं असेल.

त्यांच्या समीक्षेचा खरा कस मी 2015 साली अनुभवला. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लागला होता. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला चित्रपट, त्यामुळे काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या सिनेमात कॅमेरा एका जागी ठाण मांडतो आणि खटल्याच्या तारखा खऱ्या कोर्टातल्यासारख्या पडत राहतात. दुसऱ्या तारखेला काकांची मान पडली. पुढे न्यायालयातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि सिनेमा संपला असं वाटतं. तेव्हा काका दचकून उठले, टाळ्या वाजवल्या, पायानं चपला शोधू लागले. तोवर पडदा पुन्हा उजळला. न्यायाधीशमहाराज सहलीला गेले होते आणि थोड्याच वेळात बाकावर बसल्या बसल्या पेंगू लागले. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "काय वास्तववाद आहे! माणूस अगदी आतून हलतो." हललेले मी पाहिलेच होते.

गंमत म्हणजे तोच 'कोर्ट' आज त्यांचं मालिकांविरुद्धचं ब्रह्मास्त्र आहे. 'ठरलं तर मग'मधला अर्जुन सुभेदार वकिली करायला उभा राहिला की पेपरामागून आवाज येतो, "असं असतं का कोर्ट? साक्षीदाराला असं कुणी विचारतं? ताम्हाणेचा 'कोर्ट' बघा म्हणावं." मात्र अर्जुनची उलटतपासणी चालू असताना कुणी बेल वाजवली, तर दार उघडायला काकूंना उठावं लागतं.

या कलाप्रकारामागचं तंत्रही त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. मालिकेतलं पात्र नुसतं रागावत नाही, आपण कुणावर आणि का रागावलो आहोत ते मोठ्यानं बोलून दाखवतं. धक्का बसला की घरातल्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून दिसतात आणि प्रत्येक चेहऱ्याला वेगळा ढँण् मिळतो. कारण लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं की बघणारी बाई गॅसजवळ उभी आहे आणि पोळी तव्यावर आहे. "डोळ्यांसाठी नसतंच ते," काका म्हणाले, "कानांसाठी असतं." इतकी प्रामाणिक कबुली मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकली नव्हती आणि ती दिल्याचं त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मात्र काकांची खरी प्रतिभा दुसऱ्या दिवशी सकाळी, बागेतल्या बाकावर फुलते. तिथे ते रात्रीचा भाग 'किती भिकार होता' हे सांगायला बसतात आणि सांगता सांगता तो दुरुस्त करतात. दरवाजाआड उभं राहून ऐकणारी खलनायिका त्यांच्या कथनात शिंकते आणि पकडली जाते. सासू दोन वाक्यांत बोलून मोकळी होते. जे उकलायला वाहिनीला महिना लागला असता, ते काका चालायला आलेल्या मंडळींचा चहा होईतो संपवतात. ऐकणारे म्हणतात, "पण काका, तुम्ही तर बघत नाही ना?" काका म्हणतात, "म्हणूनच तटस्थपणे बोलू शकतो."

मध्यंतरी काकू बहिणीकडे साताऱ्याला गेल्या. आता लावणारीच घरात नाही, तेव्हा कानांना विश्रांती मिळेल अशी आमची अटकळ होती. रात्री एक पार्सल द्यायला मी गेलो, तर टीव्ही चालू. पेपरसुद्धा समोर नव्हता. काकांच्या हातात रिमोट. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "अरे, हिला फोनवर सांगावं लागतं, काय झालं ते. ताईंकडे कुठलं बघायला मिळतंय तिला! नाइलाज आहे." आणि फोनवर त्यांनी ढँण्सकट पाऊण तास सांगितलं.

काकू परत आल्यावर मी म्हटलं, "काकू, तुमची मालिका बुडाली नाही म्हणजे. काकांनी रोज सांगितलं."

"बुडतेय कसली? ताईकडे रोज बघत होते की मी," काकू म्हणाल्या.

"मग त्यांना तसं सांगितलं का नाहीत?"

काकूंनी आत बघून आवाज खाली आणला. "अरे, इथे यांच्या शेऱ्यांपुढे मला कधी धड संवाद ऐकू आले होते का? ताईकडे पहिल्यांदाच सगळं नीट ऐकलं. फार वाईट आहे रे ती मालिका! हे सांगतात तीच बरी असते."