माझ मत वेगळ आहे

टी-शर्टच्या धंद्यात मी पैशासाठी पडलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे आकडे आले की तुमच्या ते लक्षात येईलच. माझ्या विनोदबुद्धीचा लाभ समाजाला व्हावा, एवढीच इच्छा होती. लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबे उघडल्यावर मी जे बोलतो त्याला लोक हसतात. माझ्या हाताखालचे जरा जास्तच हसतात. पण ते सगळं हवेत विरून जातं. छातीवर छापलं तर निदान शाई जाईपर्यंत तरी टिकेल, असा माझा हिशेब होता.

पहिलं डिझाइन होतं, ‘माझं मत वेगळं आहे. विषय काय?’ दुसरं, ‘संदर्भासह स्पष्टीकरण मिळणार नाही.’ तिसरं, ‘गाळलेल्या जागा भरा’ आणि त्याखाली एक लांब रेघ. चौथ्यावर नुसतंच ‘अध्यक्ष महाशय,’ होतं. स्वल्पविरामासकट. त्या स्वल्पविरामावर माझा फार जीव. वक्ता उभा राहिलाय, पाठ केलेलं भाषण घशाशी अडकलंय, समोर गुरुजी मान हलवतायत. आपल्या सगळ्यांच्या शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धा त्या एका चिन्हात मावल्या होत्या. बायकोनं कागद पाहिला आणि विचारलं, “अहो, पुढचं लिहायचं राहिलं का?” मी म्हटलं, “तू आमची ग्राहक नाहीस.” ती म्हणाली, “मग कोण आहे?” असा प्रश्न विचारायला कंपन्या सल्लागार नेमतात. मला तो घरात फुकट मिळाला, त्यामुळे मी तो मनावर घेतला नाही.

न्यूयॉर्कच्या मिल्टन ग्लेझरनं ‘आय लव्ह न्यूयॉर्क’चं ते लाल बदामाचं चिन्ह १९७६ साली टॅक्सीच्या मागच्या सीटवर खरडलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मी ‘अध्यक्ष महाशय,’ शेअर रिक्षात खरडलं. कमाईच्या बाबतीत आम्ही दोघं बरोबरीचे निघालो.

कापड तिरुपूरहून मागवलं, तेव्हा घरात पहिला वाद झाला. आमच्या एका काकांना ‘मराठी माणसानं धंद्यात उतरलं पाहिजे’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी बोलल्याशिवाय झोप लागत नाही. ते म्हणाले, “मराठी टी-शर्ट आणि माल तामिळनाडूचा? इचलकरंजी काय ओस पडली? सोलापूर काय मेलं?” काकांना सांगितलं की इचलकरंजीच्या यंत्रमागावर उभा-आडवा धागा घालून कापड विणतात, त्याचा सदरा होतो. टी-शर्टचं कापड एकात एक फासे अडकवून विणलेलं, म्हणजे होजिअरीचं. म्हणून तर ते ताणतं. आणि त्या मालाचं गाव तिरुपूर. त्यातला कापूस कदाचित यवतमाळचाच असेल, पण तो तिथून अंगाला लागायच्या लायकीचा होऊन परत येतो आणि मधले पैसे मधल्यामध्ये राहतात. काका गंभीर झाले. मग म्हणाले, “बरं, मला एक ठेव. एक्सएल. कॉलरचा नाहीये का?” पैशाचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मी काढलं असतं तर मी मराठी माणूस उरलो नसतो.

तर १८० जीएसएमचा, बायोवॉश केलेला, राउंड नेक, काळा माल आला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हे मला तेव्हा नुकतंच कळलं होतं, म्हणून मी ते भेटेल त्याला सांगत असे. लग्नात लोकांच्या अंगातल्या टी-शर्टची बाही चिमटीत धरून “एकशेसाठ असेल” म्हणायची सवय लागली होती. एकदा बाहीचा मालक अनोळखी निघाला.

छपाईवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, “किती कलर?” काय लिहिलंय, हे त्यानं आजपर्यंत विचारलेलं नाही. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि प्रत्येक स्क्रीनचे वेगळे पैसे, त्यामुळे त्याच्या लेखी साहित्याचे एकरंगी, दुरंगी आणि परवडत नाही असे तीनच प्रकार. मी एकरंगीत बसलो. दुसरं वाक्य तो बोलला, “फाइल कर्व्ह करून पाठवा,” म्हणजे अक्षरांची चित्रं करून. डिझाइन करणाऱ्या भाच्यानं ती तशीच पाठवली, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर आमचा फाँट नसल्यामुळे पहिल्या वेलांट्या सगळ्या अक्षरांच्या पलीकडे जाऊन पडल्या. भाचा इंग्रजी माध्यमातला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्यानं मलाच विचारलं, “मामा, संदर्भासह स्पष्टीकरण म्हणजे एक्झॅक्टली काय?” ते संदर्भासह स्पष्ट करून सांगायला मला अर्धा तास लागला. तरीही तो हसला नाही. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

आता मला थोडं अनुस्वाराबद्दल बोलायचंय. घाईत असणाऱ्यांनी पुढचे परिच्छेद वगळले तरी चालतील. मला ते वगळवत नाहीत.

इंग्रजी अक्षर बैठ्या घरातलं. आपलं तीन मजली: मधे अक्षर, खाली उकार, वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला अनुस्वार. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा त्यांच्यापुढेही हे तीन मजले होतेच. त्यांनी ते असे बांधले की निर्णयसागराच्या टायपाचं नाव लोक अजून काढतात. पुढे कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींतली नावं हातानं रेखाटत. नाव वाचून व्हायच्या आधीच नाटक हसवणार की रडवणार, हे त्या अक्षरांच्या वळणावरून कळायचं. या परंपरेत मी, माझा भाचा आणि कल्याणजवळचा एक पत्र्याचा गाळा असे तिघं दाखल झालो होतो.

त्या गाळ्यात स्क्रीन कशी बनते ते मी उभं राहून पाहिलंय. चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवतात आणि त्यावर उजेडानं घट्ट होणारं रसायन फासतात. त्यावर अक्षरांची फिल्म ठेवून दिवा लावला की उघड्या भागातलं रसायन कडक होतं. काळ्या अक्षरांच्या सावलीतलं मऊ राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं निघून जातं. तेवढ्याच जागेतून मग शाई खाली उतरते. फिल्मवर धुळीचा कण राहिला तर त्याच्या सावलीतही भोक पडतं. त्याला म्हणतात पिनहोल. तसंच छापलं तर टी-शर्टवर नको तिथे ठिपका उमटतो. म्हणून चांगला कारागीर शाई ओतण्याआधी चौकट उजेडाकडे धरतो आणि प्रत्येक पिनहोल शोधून बुजवतो.

आमचा कारागीर फारच चांगला होता.

मुलगा ओडिशाचा होता. ओडिया लिपीत अनुस्वार डोक्यावर नसतो; अक्षराच्या उजव्या अंगाला छोट्या गोल कड्यासारखा बसतो. रेघेच्या वर अधांतरी लोंबणारा ठिपका त्याला धूळ वाटली, यात त्याचं काय चुकलं? त्यानं एकूण एक अनुस्वार चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून मन लावून बुजवले. पूर्णविरामही बुजवला. प्रश्नचिन्हाच्या पोटाखालचा ठिपका बुजवला. चौथ्या स्क्रीनवरचा माझा स्वल्पविराम तर शेपटीसकट बुजवला. एक ठिपका काही त्यानं मागे ठेवला नाही. माल आला त्यावर ‘माझ मत वेगळ आहे’ असं होतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा केवढा वाद झाला होता. आमच्या गाळ्यात उच्चारले जाणारेही गेले आणि चहा पिऊन सगळे पुढच्या ऑर्डरला लागले.

मी गाळ्यात जाऊन तावातावानं बोललो. मालक म्हणाला, “साहेब, वाचता तर येतंय ना?” याला उत्तर नव्हतं. मी त्या मुलाकडे पाहिलं. त्यानं लगेच एक टी-शर्ट उजेडात धरून मला दाखवला: बघा, एक डाग नाही. खरोखरच नव्हता.

तेवढा माल टाकून देणं परवडणारं नव्हतं. ४९९ रुपये किंमत लावून तो तसाच विकायला काढला. टी-शर्ट परत येऊ लागले. पैसे हातात घेऊन पार्सल द्यायचं, तर दारात पोचल्यावर कळायचं की साहेब बाहेरगावी गेलेत. कुरियरवाला म्हणायचा, “आरटीओ झालं.” म्हणजे माल मूळ पत्त्यावर परत. मूळ पत्ता आमची बेडरूम. जो काही माल खपला त्यात एका निवृत्त शिक्षिका बाईंचा एक होता. त्यांचा फोन आला, “अहो, तुमचे अनुस्वार कुठं गेले?” मी पिनहोलपासून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “असू दे.” आठवड्यानं त्यांनी फोटो पाठवला. ‘माझ’ आणि ‘वेगळ’वर लाल रेशमाच्या गाठीच्या टाक्यानं एकेक अनुस्वार बसवला होता, शेवटी प्रश्नचिन्हाखाली एक ठिपका. लाल शाईची सवय हातातून गेलेली नसावी. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सर्वांत सुंदर परीक्षण आहे, आणि त्यात माझ्या विनोदाबद्दल एक शब्दही नाही.

साइजचं काय झालं तेही सांगतो. ठोक बाजारात एस, एम, एल, एक्सएल असा माल एकास दोन, दोन, एक या प्रमाणात भरतात. मीही भरला. एक्सएल दिसेनासे झाले, एस जागचे हलेनात. मग लक्षात आलं की ‘गाळलेल्या जागा भरा’ वाचून ज्याला शाळेचा पेपर आठवतो, त्याला एस होण्याचे दिवस केव्हाच गेलेत, आणि ज्याला एस होतो त्याला पेपरात ‘फिल इन द ब्लँक्स’ आलेलं असतं. माझा विनोद आणि माझा स्मॉल साइज यांची या महाराष्ट्रात कुठं गाठच पडत नव्हती. यावर मी थोडे दिवस उदास होतो. एक्सएलच्या वरचा एक गिऱ्हाईक तेव्हा मला स्टेशनवर दिसला. पोटावर शिरोरेषेची पार कमान झालेली, आणि खालच्या लांब रेघेत भरायला एक तसूही जागा उरलेली नाही. मग जरा बरं वाटलं.

धंदा चालला तो स्वल्पविराम गेल्यामुळे. जवळच्या गणेशोत्सव मंडळाच्या अध्यक्षांना कुणीतरी आमचा टी-शर्ट दाखवला. ‘अध्यक्ष महाशय’. पुढे काही नाही. त्यांना तो बहुमान वाटला. त्यांनी स्वतःसाठी डबल एक्सएल घेतला, मग विचारलं, “खजिनदार आहे का?” नव्हता, करून दिला. मग ‘उत्सवप्रमुख’ झाला. मग सगळ्या पोरांसाठी पाठीवर एकच शब्द: ‘कार्यकर्ता’. एक रंग, एक स्क्रीन, आणि बुजवायला एकही ठिपका नाही. विनोदही नाही. तो टी-शर्ट घालून मुलं रात्रीच्या मिरवणुकीत दोरी धरून उभी होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा रुबाब पाहून मला माझ्या चारही डिझाइनचा एकदम कंटाळा आला. माझा टी-शर्ट घालणारा माणूस मी किती हुशार आहे ते मिरवत फिरत होता. त्यानं का फिरावं?

मग दहावीच्या बॅचची गेट-टुगेदरं सुरू झाली. समोर शाळेचं नाव, पाठीवर ‘१९८९’ आणि त्याखाली वर्गातल्या सगळ्यांची नावं हजेरीपटाच्या क्रमानं. एका बॅचची यादी तपासत होतो. नावं होती त्यापेक्षा साइज एक कमी होता. मी फोन करून विचारलं. पलीकडचे गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तो गेला हो, दोन वर्षांपूर्वी. पण नाव राहू द्या. क्रम बदलू नका.” मी बरं म्हणून फोन ठेवला. थोड्या वेळानं त्यांचाच परत आला. “त्याचाही एक काढा. एल. मुलगा येणार आहे त्याचा.” त्या टी-शर्टचे पैसे मी लावले नाहीत. त्यांनी ते बिलात आपणहून धरून पाठवले, आणि मीही ते परत केले नाहीत. कारण तो टी-शर्ट त्यांचा होता. त्यात माझा काही भाग नव्हता. त्या नावात दोन अनुस्वार होते. स्क्रीन धुऊन झाल्यावर मी गाळ्यात स्वतः जाऊन ते बोटानं दाखवून आलो. कारागीर मुलगा म्हणाला, “मालूम है, साब. ये धूल नहीं है.”

आता आम्ही फक्त ऑर्डरप्रमाणे माल करतो: मंडळं, बॅचेस, दिंड्या, क्रिकेटच्या टीम, क्वचित एखादं मोठं कुटुंब. मजकूर तुमचा असतो. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहतो. माझी स्वतःची चार डिझाइन बंद केली आहेत. शुद्ध सुती माल पाणी चांगलं टिपतो, त्यामुळे ‘संदर्भासह स्पष्टीकरण मिळणार नाही’नं आमची लादी रोज पुसली जाते. बायको म्हणते की या धंद्यातली एवढी एक गुंतवणूक वसूल झाली.

‘माझ मत वेगळ आहे’चे एस साइजचे टी-शर्ट मात्र अजून दोन खोकी शिल्लक आहेत. रंग जात नाही, धुतल्यावर आटत नाहीत. बारीक अंगाच्या मराठी वाचकांनी विचार करावा. सुई-दोरा आपला आपण आणावा. काकांनी एक न्यायचाच आहे, तेव्हा नातेवाइकांचा कोटा संपला, हेही कळवतो.