शेवटचा थेंब आणि पारदर्शक थर

मोटारसायकलच्या टाकीवर रंगाच्याही वर दिला जाणारा शेवटचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, हा ऊन, पाऊस आणि मालकाच्या जाकिटाची चेन यांच्यापासून रंगाचे रक्षण करतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये स्वहस्ते टाकी रंगवणाऱ्या मंडळींकडे पाहिल्यास असे आढळते की, या थराची खरी परीक्षा पेट्रोल पंपावर होते, आणि ती घेतो नॉझल बाहेर काढताना त्याच्या तोंडाशी रेंगाळलेला एक थेंब. हा थेंब झाकणाच्या कडेवर पडतो, टाकीच्या उतारावरून सावकाश मालकाच्या मांडीच्या दिशेने निघतो आणि मालक खिशात रुमाल चाचपत असतानाच उडून जातो. थर कच्चा असेल, तर थेंबाच्या वाटेवर आधी धुरकट पट्टा आणि मग सुरकुती उमटते, आणि ती पुसण्याचा फाजील उत्साह दाखवल्यास खालचा लाल रंगही रुमालावर येतो.

यात पेट्रोलचा दोष नाही. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यात टोल्युइन आणि झायलीन ही रंग पातळ करण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये असतात, शिवाय अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. म्हणजे पोटात थिनरचे भाऊबंद भरून पाठीवरचा रंग अभंग राहावा, अशी ही अपेक्षा आहे. त्यातही टाकी काठोकाठ भरण्याची हौस असेल, तर जमिनीखालच्या थंड साठ्यातून आलेले १५ लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापल्यावर पाव लिटरहून थोडे अधिक फुगते, आणि ती वाढ झाकणाखालून बाहेर पडते.

सांडणारा कोण, हा प्रश्न मात्र राज्याराज्यांत वेगवेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्यानुसार ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायचे नसते, त्यामुळे तिथल्या एडिसन शहरातल्या मराठी मोटारसायकलस्वाराला, पुण्यातल्याप्रमाणेच, खापर फोडण्यासाठी दुसरे डोके कायद्यानेच मिळवून दिले आहे. ओरेगनमध्येही १९५१ पासून २०२३ पर्यंत अशी बंदी होती, परंतु तिथे मोटारसायकलस्वाराला पुढे कर्मचाऱ्याच्या हातून नॉझल घेऊन स्वतः पेट्रोल भरण्याची मुभा देण्यात आली. विधिमंडळात कोणीतरी नुकतीच टाकी रंगवलेली असावी, असा तर्क करण्यास येथे बराच वाव आहे.

थर निवडताना दुकानातील फळीवर पन्नास डबे दिसले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ढोबळ जाती दोनच. पहिली जात एकघटकी: द्रावक उडून गेला की ती वाळते, आणि द्रावक परत भेटला की विरघळते. १९२० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीच्या ड्यूको या नायट्रोसेल्युलोज लॅकरने, म्हणजे अशाच झटपट वाळणाऱ्या रंगाने, मोटारी रंगवण्याचा आठवड्यांचा खोळंबा संपवला, हे तिचे पुण्य मान्य करूनही पेट्रोलच्या शेजारी तिला बसवणे धाडसाचे ठरते. दुसरी जात दुघटकी युरेथेन, जिला कारागीर ‘टू-के’ म्हणतात: हिच्यात राळ आणि आयसोसायनेट हे हार्डनर परस्परांशी रासायनिक बंधांनी जखडले जाऊन एकसंध जाळे तयार होते, जे पेट्रोलला सहसा दाद देत नाही. स्प्रेच्या डब्यात ही दोन द्रव्ये आतल्या पडद्याने वेगळी ठेवलेली असतात. तळाचे बटण दाबताच अंतरपाट दूर होतो, आणि त्यानंतर मुहूर्त चुकला, पाहुणे आले किंवा पाऊस सुरू झाला, तरी लग्न मोडता येत नाही. उरलेला डबा एकदोन दिवसांत आतल्या आत दगड होतो.

बरे, आयसोसायनेट हे सासर साधे नाही. त्याची वाफ वा तुषार श्वासात गेल्यास दमा जडू शकतो, एकदा शरीराला त्याचे वावडे निर्माण झाले की पुढे अल्प मात्राही पुरते, आणि वासावरून धोक्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे आणि अंगभर पोशाख सांगितला जातो. परिणामी, वीस डॉलरांची बचत करण्यास निघालेला गृहस्थ चंद्रावर निघाल्याच्या वेशात गॅरेजमध्ये उभा राहतो, आणि शेजारीण पडदा सारून पाहते. हिवाळ्यात थंडीने थर पिकण्याची प्रक्रिया मंदावते, तेव्हा टाकी दिवाणखान्यात आणण्याचा प्रस्ताव पुढे येतो. त्यावर घरातून काय निर्णय होतो, हे रसायनशास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे.

जाणते लोक आधी पत्र्याच्या तुकड्यावर थर देतात, तो पुरता पिकू देतात, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर दहा मिनिटे ठेवून अंगठा दाबतात. ठसा उमटला, तर निवड चुकली. पण थराची कड झाकणाच्या गळ्याशी उघडी राहिली, तर उत्तम युरेथेनखालीही पेट्रोल पत्र्याच्या कडेने शिरते आणि थर आतून उचलतो, म्हणून तो कडेवरून आतपर्यंत उतरवावा लागतो.

एवढे सारे निभावून आरशासारखी टाकी गाडीवर चढली की बरेच मालक तिला ओरखडे पडू नयेत म्हणून वर चामड्याचे आवरण घालतात.